चित्र दाखवायला आणलंय, काय सांगाल?

हल्ली चित्रं काढणाऱ्या मुलीच्या खोलीत पाण्याचा पेला नसतो की रंगाने माखलेलं फडकं नसतं. असते फक्त एक टॅब्लेट आणि तिचं पेन. चादरीला डाग पडत नाहीत म्हणून आपण मनातून खूशच असतो. पण तीन-तीन तास मान खाली घालून ही नेमकं काय करते, ते काही आपण विचारत नाही. मग एक दिवस ती आपण होऊन पडदा समोर धरते. "आई, बघ ना, कसं झालंय?"

आपण कुकरच्या शिट्ट्या मोजत म्हणतो, "छान!" बाबा म्हणतात, "वा, पण अभ्यास झाला का?" दादाला तर त्यात काही विशेषच वाटत नाही. "सगळं कॉम्प्युटरच तर करतो!" तिघांपैकी कुणाच्याच मनात वाईट नसतं. पण असं चार-पाच वेळा झालं की ती दाखवणं सोडून देते. चित्र काढणं सोडत नाही, फक्त आपल्याला दाखवत नाही. मैत्रिणींनो, एवढं एक दार बंद झालं की ते पुन्हा उघडायला फार वेळ लागतो. म्हणून आज या 'कसं झालंय'ला काय उत्तर द्यावं, ते बघू या. आणि चित्र काढणाऱ्या तुम्ही स्वतः असाल, तर ते उत्तर कसं ऐकावं तेही.

आधी तिचं काम समजून घ्या

मुली बहुधा जे काढतात त्याला 'पात्रचित्र' म्हणू या. गोष्टीतलं, खेळातलं किंवा सिनेमातलं वाटावं असं एक माणूस. त्याचा चेहरा, कपडे, उभं राहण्याची ढब. टॅब्लेटवर पेन दाबलं की रेघ जाड होते, हलकं धरलं की बारीक. चित्र थराथरांनी बनतं. एका थरावर कच्च्या रेघा, दुसऱ्यावर रंग, तिसऱ्यावर सावल्या. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे. १९९० साली आलेल्या फोटोशॉपमध्ये ही थरांची सोय १९९४ मध्ये आली. आज क्रिटासारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्येही ती असते. सोय खरीच मोठी आहे. पण कोपर कुठे वाकतं, सावली कुठल्या बाजूला पडते, हे काही थर सांगत नाहीत. ते तिलाच ठरवावं लागतं.

आता वाक्य लिहून दिलं की चित्र तयार करून देणारी यंत्रंही आली आहेत. म्हणूनच हाताने काढणाऱ्या मुलीला "हे तूच काढलंस ना?" हा प्रश्न फार झोंबतो. त्यापेक्षा "सुरुवातीचं कच्चं रेखाटन दाखव ना" म्हणा. ती आनंदाने एकेक थर उलगडून दाखवील, आणि तिची मेहनत न विचारता तुमच्या लक्षात येईल.

शेरा निराळा, नजर निराळी

आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा घरोघरी माहीत आहेत. तिथे ए, बी, सी अशी श्रेणी मिळते. पण कुठली रेघ फसली आणि का, हे श्रेणी सांगत नाही. 'छान' आणि 'काहीतरी चुकलंय' हे शेरेही तसेच. त्यांतून उद्या पेन हातात घेतल्यावर काय करायचं, ते कळत नाही. उपयोगी पडते ती दुसऱ्याची नजर: तुमचे डोळे चित्रात कुठे थांबले, कुठे अडखळले, आणि काय वाटलं.

तुम्ही म्हणाल, "अहो, आम्हाला चित्रातलं काय कळतं?" त्यावर एक जुनी गोष्ट सांगते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसमध्ये अपेलीस नावाचा चित्रकार होऊन गेला. रोमन लेखक प्लिनीने त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. अपेलीस आपली चित्रं येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतील अशी ठेवायचा आणि स्वतः मागे लपून लोकांचं बोलणं ऐकायचा. एका चांभाराने वहाणेतली चूक काढली. अपेलीसने ती दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी त्याच चांभाराने फुशारून पायातही खोड काढली, तेव्हा मात्र चित्रकार बाहेर आला आणि म्हणाला, चांभाराने वहाणेच्या वर जाऊ नये! लोक गोष्टीचा हा शेवटच लक्षात ठेवतात. मला तिची सुरुवात मोलाची वाटते. नावाजलेल्या चित्रकाराने चांभाराचं ऐकलं, कारण वहाण चांभारालाच जास्त कळत होती.

तुमच्या घरातही अशी जाणकार माणसं आहेत. समजा, मुलीने नऊवारी नेसलेली लढवय्यी बाई काढली आहे. चेहरा सुरेख, हातात तलवार. पण लुगडं पुढून घागऱ्यासारखं घोळदार पडलंय. आजीला दाखवा. आजी चित्रकलेचं काही बोलणार नाही. ती विचारील, "अगं, हिचा कासोटा कुठाय? ही घोड्यावर बसणार कशी?" झालं! पात्रचित्राचा मुख्य प्रश्न हाच असतो: या माणसाला त्याचं काम या कपड्यांत करता येईल का? कापड जिथे खोचलेलं असतं तिथून ताणलं जातं आणि चुण्या तिथूनच फाकतात, हे आजीला रोजच्या नेसण्यातून ठाऊक आहे. नथ कुठल्या बाजूला, पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेतली की अंग कुठे कलतं, पोळी लाटताना खांदा कसा पुढे येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमची 'वहाण' ही. तिच्याबद्दल बेलाशक बोला.

आणखी संदर्भ हवा असेल तर म. वि. धुरंधरांची चित्रं मुलीला जरूर दाखवा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असंच नाव दिलं. निरनिराळ्या समाजांतल्या बायकांची नेसण्याची तऱ्हा त्यांच्या चित्रांत बारकाईने बघायला मिळते.

सांगायचं असेल तर

पहिली गोष्ट, बोलण्याआधी विचारा. "तुला ही बाई कशी दिसायला हवीय? चिडलेली, की दमलेली?" तिला दमलेली हवी असेल आणि तुम्ही "जरा हसरी कर ना" म्हणालात, तर तो सल्ला तुमच्या चित्राचा झाला, तिच्या नव्हे.

दुसरी, चित्र कुठवर आलंय ते विचारा. कच्च्या रेघा असतील तर उभं राहणं, प्रमाण, मांडणी यांवर बोला. उद्या द्यायचं काम असेल तर "सगळी ढबच बदल" म्हणून तिची रात्र खराब करू नका. ते पुढच्या चित्राच्या वेळी.

तिसरी, जमलेलं नेमकं सांगा. "डोळे मस्त" यापेक्षा "डोळ्याखालच्या सावलीमुळे ती रात्रभर जागी असल्यासारखी वाटते" हे सांगा. म्हणजे पुढच्या वेळी दुरुस्तीच्या भरात ती हीच सावली पुसून टाकणार नाही.

चौथी, एका वेळी फार तर दोन गोष्टी सांगा, आणि त्या चित्राबद्दल. "तुला हात येतच नाहीत" हे मुलीबद्दल झालं. "हा पंजा मला चेहऱ्यापेक्षा फार लहान वाटतो" हे चित्राबद्दल झालं. पहिल्यावर रडायला येतं, दुसऱ्यावर काम करता येतं.

पाचवी, तिच्या फाइलवर न विचारता रेघ ओढू नका. दाखवायचंच असेल तर "नवीन थर घेऊन दाखवू का?" असं विचारा. मूळ चित्र खाली जसंच्या तसं राहतं आणि तुमचा थर तिला हवा तेव्हा झाकता येतो.

ऐकायचं असेल तर

आता चित्र काढणाऱ्यांसाठी. दुपारची झाकपाक झाल्यावर स्वतः टॅब्लेट घेऊन बसणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठीही आहे.

नुसतं "कसं झालंय?" असं विचारलंत तर "छान"च मिळणार. "ही बाई किती वर्षांची वाटते?", "तुमची नजर आधी कुठे गेली?" असं विचारा. उत्तर चाळिशीचं आलं आणि तुम्ही विशीची काढली असेल, तर न दुखावता काम झालं.

समोरचा बोलत असताना "अगं, ते मी मुद्दाम केलंय" असं लगेच म्हणू नका. ऐका आणि कागदावर टिपून ठेवा. तीन माणसं एकाच जागी अडखळली तर त्या जागेत काहीतरी आहे हे खरं. पण त्यांनी सुचवलेले तिन्ही उपाय चुकीचे असू शकतात. मान लांब वाटते म्हणाले, तर दोष कदाचित खांद्यात असेल. रात्र जाऊ द्या, सकाळी फाइलची प्रत काढून बदल करून बघा आणि मग ठरवा. शेवटचा शब्द तुमचाच.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. चित्रातल्या बाईच्या अंगावरून कुणी चावट बोललं, किंवा "बायकांना काय जमतंय" असा सूर लावला, तर ती टीका नव्हे. तिथे टिपणही नको आणि उत्तरही नको. मुली लहान असतील तर हे त्यांना आईनेच स्पष्ट सांगायला हवं.

घरच्या घरी चार परीक्षा

दुसऱ्याला विचारण्याआधी एवढं करून बघा.

१. आरसा: चित्र उलटं करून बघा. रोज बघून डोळा चुकीला सरावतो. डावं-उजवं झालं की वाकडी हनुवटी लगेच कळते. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना हाच सल्ला दिला होता, आरसा धरून. क्रिटामध्ये एम ही कळ दाबली की पुरतं. प्रोग्राममध्ये चित्रच उलटं झालं असेल, तर परत सुलटं करायला विसरू नका. नाहीतर डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जायची!

२. जुना फोटो: रंग काढून चित्र नुसत्या करड्या छटांत बघा. हिरवी साडी आणि मागची लाल भिंत एकाच छटेची होऊन मिसळली, तर रंग निराळे असूनही उजेड-अंधार सारखाच झाला आहे.

३. पोस्टाचं तिकीट: चित्र तिकिटाएवढं लहान करा. पात्र काय करतंय ते तेवढ्यातही कळायला हवं.

४. स्वतःचं अंग: पंजाचा तळ हनुवटीवर ठेवा; बोटं कपाळाच्या मध्यापर्यंत येतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, आणि मोठ्या माणसाची उंची सुमारे साडेसात डोकी भरते. परीकथेतल्या बाहुलीसाठी हे प्रमाण खुशाल मोडा. पण कळून-सवरून मोडा.

शेवटी एक लहानशी सवय सुचवते. महिन्यातून एकदा, हातातलं काम बाजूला ठेवून, मुलीचं सहा महिन्यांपूर्वीचं चित्र आणि आजचं चित्र शेजारी-शेजारी लावून बघा. काय सुधारलं ते तिलाच सांगू द्या. स्वतःच्या चित्राकडे अशा नजरेने बघायला ती शिकली, की इतरांच्या बोलण्यातलं घ्यायचं काय आणि सोडायचं काय, हे तिचं तिला कळू लागेल.