निर्वासितांच्या वस्तींतील अवधानाचा अभ्यास

चाळीस वर्षें वर्गांत मुलांना ‘लक्ष द्या’ असें सांगत आलों. लक्ष द्यावयाचें कसें, तें मात्र एकदांही शिकविल्याचें स्मरत नाहीं. तो शिकविण्याजोगा विषय आहे, हें निवृत्तीनंतर कळलें. आपला श्वास, आपलें शरीर आणि मनांत येणारे विचार यांच्याकडे, त्यांना बरेंवाईट न म्हणतां, पाहात राहणें याला मी येथें अवधानाचा अभ्यास म्हणतों. मुळांत ही बौद्ध साधना. परंतु १९७९ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेंत जॉन कबाट-झिन यांनीं तिला रोग्यांसाठीं पाठक्रमाचें रूप दिलें. त्यांत रोज सुमारें पाऊण तास घरीं अभ्यास करावयाचा असतो.

श्रोतेहो, अडचण आहे ती या पाऊण तासाची. ज्याला बसावयास निवांत खोली आहे, ज्याच्या घरीं नळानें पाणी येतें, त्याला तो मिळेल. शिवाय शिकविणारा तज्ज्ञ हवा, वाचतां येणें हवें, आणि डोळे मिटून बसण्याइतका निर्धास्तपणा हवा. जिनें आपलें घर जळतांना पाहिलें, तिला डोळे मिटल्यावर काय दिसावयाचें?

युगांडाच्या उत्तरेस ऱ्हायनो कॅम्प नांवाची निर्वासितांची वसाहत आहे. दक्षिण सुदानमधील यादवीमुळें पळून आलेलीं कुटुंबें तेथें राहतात. २०१७ सालीं तेथील १४ गांवांत, ६९४ स्त्रियांच्या साहाय्यानें, जागतिक आरोग्य संघटनेनें तयार केलेला एक पाठक्रम पारखण्यांत आला. कांहीं गांवांना तो दिला, बाकीच्या गांवांना नेहमींचीच, पण थोडी वाढविलेली मदत.

आठवड्यास एक अशा पांच बैठका, आणि एका बैठकींत वीस-तीस बायका. तज्ज्ञ तेथें नव्हताच. जुबा अरबी भाषेंत मुद्रित केलेला आवाज पाठ सांगे, आणि थोड्या दिवसांचें शिक्षण घेतलेल्या साध्या स्त्रिया बैठक चालवीत. रेडिओवर बोलणाऱ्याला याचें कौतुक वाटणारच! सोबत एक पुस्तक दिलें होतें, तें चित्रांचें. अक्षरओळख नसली तरी चालावें असें.

पाठ काय, तर मनांत वादळ उठलें कीं पाय जमिनीवर हळूच दाबावे, अंग ताणावें, श्वास सावकाश सोडावा, आणि भोंवतीं काय दिसतें, काय ऐकूं येतें, तें न्याहाळावें. डोळे उघडे ठेवून, पाण्याच्या रांगेंत उभें राहूनही हें साधतें. दुःखद विचार म्हणजे जणूं गळ. आपण त्याला लागलों आहों हें ओळखावें, त्या विचाराला नांव द्यावें, आणि हातांतल्या कामाकडे परतावें.

मला प्रथम शंका आली कीं, उपाशी माणसाला शांत राहावयास शिकविणें म्हणजे ‘सोसा’ म्हणण्याचीच नवी तऱ्हा नव्हे काय? परंतु पुस्तक तसें म्हणत नाहीं. कठीण प्रसंगांतून निघून जातां येत असेल तर जावें. राहावें लागलें तर जें बदलतां येईल तें बदलावें, असें तें स्पष्ट सांगतें. अवधान हें त्या बदलण्यासाठीं आहे. ही गोष्ट वगळून नुसता श्वास शिकविणाऱ्यांचा मला राग येतो.

पाठ संपतांच त्या स्त्रियांच्या मनाचा जाच बराच उतरलेला आढळला. तीन महिन्यांनीं हा फरक पुष्कळ कमी झाला होता, पण नाहींसा झाला नव्हता. पांच बैठकांच्या मानानें मला हें थोडें वाटत नाहीं. मात्र पांचव्या बैठकीनंतर तो आवाज थांबतो, आणि बाईच्या हातीं राहतें तें चित्रांचें पुस्तक.