ट्रेलरच्या खिडकीला घाम का फुटतो?

"अरे, बाहेर एवढा पाऊस, आणि खिडकी उघडी कशाला ठेवतोस? ओल येईल ना आत."

रत्नागिरीहून आमच्याकडे आलेली आई असं म्हणाली, आणि मी निमूटपणे खिडकी लावली, छतावरचं झाकणही घट्ट केलं. नोव्हेंबर महिना होता. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक नॅशनल पार्कमध्ये, होच्या जंगलात आमचा मुक्काम होता. गाडीमागे जोडून न्यायचा आमचा ट्रेलर तेरा फुटी, फायबरग्लासचा. आत आई, बायको आणि मी.

सकाळी जाग आली ती कपाळावर पडलेल्या थेंबाने. खिडकीच्या काचेवरून ओघळ वाहत होते. अॅल्युमिनियमच्या चौकटीत तळं साचलं होतं आणि ते कडेने झिरपत गादीच्या खोळीत उतरलं होतं. भिंतीकडची उशी गार आणि ओलसर. गादी उचलून खालच्या प्लायवूडवर हात फिरवला, तर तळवा भिजला.

"छत गळतंय," आई म्हणाली. छत गळत नव्हतं. ते पाणी आमचंच होतं, तिघांच्या श्वासाचं आणि रात्री उकळलेल्या चहाचं. अमेरिका-कॅनडातली बरीच मराठी कुटुंबं आता असे छोटे ट्रेलर भाड्याने किंवा विकत घेऊन हिवाळ्यातही बाहेर पडतात. कॅम्पग्राउंडवर भेटली की जवळजवळ प्रत्येकाकडे हीच तक्रार असते, आणि तिच्यामागे तेच ते गैरसमजही असतात.

गैरसमज : पाणी दिसतंय म्हणजे ट्रेलर गळतोय

गळती आणि दव वेगळं ओळखता येतं. गळती एका जागी होते, पावसात वाढते आणि तिथे हळूहळू तपकिरी डाग पडतो. दव मात्र जिथे जिथे गार पृष्ठभाग सापडेल तिथे एकाच वेळी धरतं. काच, चौकट, रिव्हेटची डोकी, कपाटाच्या आतला कोपरा, दाराची बिजागरी, काहीच सुटत नाही. आकाश निरभ्र असलेल्या कडाक्याच्या रात्री, बाहेर पावसाचा थेंबही नसताना ते सर्वांत जास्त दिसतं. पहिल्या वर्षी मी छताच्या सांध्यांना दोनदा सीलंट लावलं. त्याने दवात तसूभरही फरक पडला नाही.

हिशेब साधा आहे. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेवाटे तासाला साधारण ३० ते ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोघांचं रात्रभरात अर्ध्या लिटरहून जास्त होतं. आता ते जाणार कुठे? तेरा फुटी ट्रेलरच्या आत जेमतेम १० घनमीटर हवा असते. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प धरते. म्हणजे ट्रेलरमधली सगळी हवा मिळून एक पेलाभर पाणीही पेलू शकत नाही. घरात हीच दोन माणसं दहापट मोठ्या जागेत वावरतात, शिवाय भिंती जाड असतात, म्हणून तिथे हे जाणवत नाही. बंद ट्रेलरमध्ये दीड-दोन तासांतच हवा काठोकाठ भरते आणि उरलेलं पाणी काचेवर उतरतं.

खरं तर काठोकाठ भरण्याचीही वाट बघावी लागत नाही. बाहेर ५ अंश आणि आत २० अंश असेल, तर एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग साधारण ८-९ अंशांवर असतो. आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास गेली, की त्या काचेवर दव धरायला सुरुवात होते.

गैरसमज : पावसात खिडकी उघडली तर ओल आत येते

हा आईचा गैरसमज, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण तो चुकीच्या निरीक्षणातून आलेला नाही. कोकणात तो शंभर टक्के खरा आहे.

रत्नागिरीत जुलैमध्ये हवा २७ अंशांच्या आसपास असते आणि आर्द्रता ९० टक्के. अशा एका घनमीटर हवेत २३ ग्रॅम बाष्प असतं. खिडकी उघडी टाकली, की ही जड, ओली हवा घरात शिरते. मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, चामड्याच्या चपलेवर बुरशी चढते. म्हणून पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, हे आपल्या पिढ्यान् पिढ्यांचं शहाणपण.

होच्या जंगलातही पाऊस कमी नाही. वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर, म्हणजे कोकणाच्या तोडीस तोड. पण तिथला बहुतेक पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि थंड हवेला फारसं बाष्प धरताच येत नाही. ५ अंशांची हवा पावसात चिंब असली, आर्द्रता पूर्ण १०० टक्के असली, तरी तिच्या घनमीटरमध्ये सात ग्रॅमपेक्षा कमी पाणी असतं. तीच हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली, की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली येते. अंगावर धुकं झेलणारी ती हवा ट्रेलरमध्ये येऊन चक्क कोरडी होते आणि आतलं पाणी उचलून बाहेर न्यायला तयार असते. आईला मी हे गणित कागदावर मांडून दाखवलं. दुसऱ्या रात्री छतावरचं झाकण दोन बोटं आणि समोरच्या टोकाची खिडकी बोटभर उघडी ठेवली. सकाळी काचेच्या खालच्या कडेला पुसट ओल होती, एका फडक्याने पुसून निघेल एवढीच. गादी कोरडी.

फट दोन ठिकाणी हवी, एक वर आणि एक खाली, शक्यतो विरुद्ध टोकांना. उबदार, बाष्पाने भरलेली हवा वर चढते आणि वरच्या फटीतून निघून जाते. तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा येते. एकच फट ठेवली तर हवा फारशी हलत नाही. छताच्या खिडकीत पंखा असेल तर तो अगदी सावकाश, हवा बाहेर फेकण्याच्या दिशेने लावा.

गैरसमज : फट ठेवली की सगळी ऊब निघून जाते

ऊब जाते, पण किती? दोन माणसांचं बाष्प बाहेर काढण्याएवढी हवा बदलायची, आणि बाहेर ५ अंश असेल, तर ती नवी हवा तापवायला १०० ते २०० वॉट लागतात. जुन्या काळचे एक-दोन पिवळे बल्ब म्हणा. प्रोपेनमध्ये मोजलं तर रात्रभरात फार तर पावणेदोनशे ग्रॅम, आणि ट्रेलरच्या नेहमीच्या २० पौंडी सिलिंडरमध्ये ९ किलो असतो. ओल्या गादीवर कुडकुडण्यापेक्षा हा खर्च मला शतपटीने परवडतो. ऊब खरी जाते ती एकेरी काचांमधून, पातळ भिंतींमधून आणि खालच्या फळीतून.

गैरसमज : छोटा गॅस हीटर आत लावला की ऊबही मिळते आणि हवाही कोरडी होते

इथे मी थांबून, जोर देऊन लिहितोय.

प्रोपेन जळतो तेव्हा त्याच्यातला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पाणी तयार होतं. एक किलो प्रोपेन जाळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. दुकानात मिळणारी एक पौंडाची हिरवी छोटी बाटली संपते, तेव्हा तिने पाऊण लिटर पाणी हवेत सोडलेलं असतं. धुराडं नसलेला उचलता हीटर अगदी मंद ठेवला तरी तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास पाणी टाकतो. म्हणजे आणखी चार माणसं ट्रेलरमध्ये येऊन झोपल्यासारखंच. त्याच्यासमोर हात शेकताना हवा कोरडी वाटते खरी, पण ते पाणी तुमच्या पाठीमागच्या काचेवर जमत असतं.

पाण्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जीव. ज्वाला नीट जळली नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. "आमच्या हीटरला सेन्सर आहे," असं पुष्कळ जण सांगतात. तो सेन्सर बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी झाल्यावर गॅस बंद करतो, कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. असा हीटर जागेपणी, फटी उघड्या ठेवून, थोडा वेळ वापरावा आणि झोपण्यापूर्वी बंद करावा. ऊब येते म्हणून शेगडीचा बर्नर पेटता ठेवून बसणं तर कधीच नको.

ट्रेलरमध्ये बसवलेला फर्नेस वेगळा. त्याची ज्वाला बंद कप्प्यात जळते, हवा बाहेरून घेते आणि धूर-वाफ बाहेरच सोडते. आत येते ती नुसती तापलेली हवा. म्हणून फर्नेसच्या ऊबेने ओल वाढत नाही. त्याच्या पंख्याला मात्र बॅटरी लागते, आणि थंडीत लेड-ॲसिड बॅटरी कमी चालते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असेल तर ती शून्य अंशाच्या खाली चार्ज करायची नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

कॅम्पग्राउंडवर वीज असेल तर विजेचा हीटर उत्तम, कारण त्यातून पाणीही नाही आणि धूरही नाही. तेलाचा, सिरॅमिकचा, पंख्याचा यांत कोणता जास्त ऊब देतो, असं विचारतात. जेवढे वॉट खातो तेवढीच ऊब तो देतो, मग तो कुठलाही असो. तेरा फुटी ट्रेलरला गोठणबिंदूच्या वरच्या रात्री ७५० वॉट सहसा पुरतात.

गैरसमज : ओल शोषणारे खडे ठेवले की काम झालं

हे पांढरे खडे म्हणजे कॅल्शियम क्लोराइड. ते पाणी शोषतात हे खरं, पण काही आठवड्यांत काहीशे मिलिलिटर. आपण एका रात्रीत अर्धा लिटर सोडतो. बंद करून अंगणात उभ्या केलेल्या ट्रेलरसाठी ते ठीक आहेत, माणसं झोपलेल्या ट्रेलरसाठी नाहीत. बाष्प काढणारं यंत्र घ्यायचं तर लक्षात घ्या, की कंप्रेसरवाली यंत्रं गार हवेत फार कमी पाणी काढतात.

गैरसमज : खिडकीला चंदेरी बबल-फॉइल चिकटवलं की थंडी अडली

चंदेरी पृष्ठभाग उष्णता परतवतो, पण त्यासाठी त्याच्यासमोर हवेची पोकळी लागते. काचेला चिकटवून टाकला तर उरतो फक्त बुडबुड्यांचा पातळ थर. शिवाय कडा हवाबंद नसतील, तर उबदार ओली हवा मागे शिरते आणि काच आता आणखी गार असल्याने तिथे जास्तच पाणी धरतं, फक्त ते दिसत नाही. लावायचंच असेल तर कडा दाबून बसेल असं मापात कापा आणि रोज सकाळी काढून काच पुसा.

गादीखालची ओल याच जातीची. गादी स्वतःच ऊब अडवते, त्यामुळे तिच्याखालची फळी खोलीतल्या हवेपेक्षा कितीतरी गार राहते. अंगातलं बाष्प गादीतून झिरपत खाली जातं आणि त्या फळीवर थबकतं. जाड गादी घेऊन हे सुटत नाही. गादीखाली लाकडी पट्ट्यांची चौकट किंवा हवा खेळेल अशी जाळीची चटई घाला आणि सकाळी गादी उभी करून ठेवा. बायकोने गादीवर आजीची जुनी गोधडी अंथरली आणि पांघरायलाही गोधडीच घेतली, तेव्हापासून आम्ही रात्री हीटर १५ अंशांवरच ठेवतो. फक्त तोंडावरून पांघरूण घेऊ नका. सगळा श्वास त्या पांघरुणात मुरतो आणि पहाटेपर्यंत ते गार पडतं.

आता स्वयंपाक. आपला चहा उकळून उकळून होतो आणि भाताला कुकरच्या तीन शिट्ट्या लागतात. वर शेगडीच्या ज्वालेतूनही पाणी सुटतं. स्वयंपाक होईपर्यंत छताचं झाकण पूर्ण उघडं आणि पंखा जोरात, पातेल्यावर ताटली, आणि जमेल तेव्हा शेगडी बाहेर छताखाली. ओले टॉवेल आणि बर्फाचे बूट आत वाळत घालू नका. सकाळी काच पुसून फडकं बाहेर पिळा. काचेवरचं पाणी तसंच राहिलं, तर ट्रेलर तापल्यावर त्याची पुन्हा वाफ होते आणि रात्री ते तिथेच परत येतं.

शेवटची एक दुरुस्ती, कारण ती जिवाशी आहे. "कार्बन मोनॉक्साइड खाली साचतो, आम्ही वरच्या बर्थवर सुरक्षित," असं मी ऐकलं आहे. खाली साचतो तो प्रोपेन, कारण तो हवेपेक्षा जड आहे. म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत असतो. कार्बन मोनॉक्साइडचं वजन जवळजवळ हवेएवढंच असतं, तो सगळीकडे मिसळतो. दोन्हींचे अलार्म हवेत. या हिवाळ्यात निघण्याआधी दोन्हींचं बटण दाबून आवाज येतो का ते बघा, आणि मागे छापलेली मुदत संपली असेल तर नवा अलार्म बसवूनच गाडी काढा.