‘आपलं’ टायमिंग

पडेगावात रविवारी सकाळी सहाला मोकळ्या प्लॉटवर पोरं पळायला येतात. कडेला गाड्या लावून आईबाप उभे असतात. परवा एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा शंभर मीटर पळून आला. बापाच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. पोराने धापा टाकत आधी बापाचा चेहरा पाहिला. किती सेकंद लागले, हे त्याने विचारलंच नाही.

“आपलं टायमिंग अजून उतरायला पाहिजे,” बाप म्हणाला.

मराठीत ‘आम्ही’ वेगळं, ‘आपण’ वेगळं. ‘आपण’ म्हटलं की ऐकणाराही त्यात आलाच, त्याला कुणी विचारत नाही. जिंकलं की ‘आपण मैदान मारलं’. हरलं की ‘तू घालवलंस’. माझ्या लेकीशी चार वर्षं मीही असाच बोलत होतो. शाळेत मी बरा पळायचो. घरची ओढाताण, दहावीनंतर पळणं सुटलं ते सुटलंच. लेकीच्या पायात वेग दिसला आणि ते सुटलेलं सगळं मी तिच्या पायात बांधलं.

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013मध्ये 73 पालकांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना स्वतःच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छा आठवायला लावल्या, काहींना ओळखीच्या माणसाच्या. मूल म्हणजे आपलाच एक भाग, असं मानणाऱ्यांना स्वतःचं राहून गेलेलं आठवलं की ते मुलाने पुरं करावं, असं जास्त वाटू लागलं.

आपल्याकडे यात पोटाचा प्रश्नही असतो. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण. वाळूजच्या कंपनीतून नाइट शिफ्ट करून थेट मैदानावर आलेल्या बापाला तिथे लेकराची नोकरी दिसत असेल, तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या नोकरीचं ओझं दहा वर्षांच्या पोराने उचलायचं, हे मला पटत नाही.

अशा वेळी मला कल्याणचे एक रिक्षाचालक आठवतात. त्यांच्या मुलाने, 15 वर्षांच्या प्रणव धनावडेने, जानेवारी 2016मध्ये शालेय स्पर्धेत 327 चेंडूंत नाबाद 1009 धावा केल्या. देशभर नाव झालं, मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे मुलाच्या धावा आटल्या. डिसेंबर 2017मध्ये वडिलांनीच असोसिएशनला पत्र लिहिलं : आता ही शिष्यवृत्ती थांबवा. रिक्षावर चालणाऱ्या घरात महिन्याचे दहा हजार म्हणजे केवढे! मुलाच्या हजार धावांवर आपला हक्क आहे असं मानणाऱ्या बापाच्या हातून ते पत्र लिहून झालं नसतं.

माझी लेक जूनपासून पळायला येत नाही. तिने खो-खो धरलाय. मला त्यातलं फारसं कळत नाही. संध्याकाळी ताटावर बसलो की पोळीचे तुकडे ओळीने मांडून पोल डाइव्ह कसा मारतात, ते ती मला समजावून सांगते.