धुळीआडची कृष्णविवरे

तारापूरच्या अणुभट्टीभोवतीची जाड काँक्रीटची भिंत किरणोत्सार अडवते. कित्येक सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरांभोवतीही वायू-धुळीचे असेच कडे असते. दृश्य प्रकाश व सौम्य क्ष-किरण त्यात शोषले जातात. तीव्र क्ष-किरण बरेचसे पार होतात. कडे अतिदाट असल्यास तेही अडतात. मग हाती येतो विखुरलेला अंश आणि लोहाची ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा. आकाशभर पसरलेल्या, १९६२ साली आढळलेल्या क्ष-किरण पार्श्वभूमीचा हिशेब या झाकलेल्या स्रोतांशिवाय जुळत नाही, म्हणून ही शोधाशोध. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवलेले, २०१५ मध्ये 'अ‍ॅस्ट्रोसॅट'वरून गेलेले 'लॅक्सपेक' ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच्या किरणांसाठी होते; पण ते प्रतिमा घेत नसल्याने मंद स्रोत पार्श्वभूमीतच बुडत. त्यांच्यासाठी तीव्र क्ष-किरण एकवटणारी, 'नासा'ने २०१२ मध्ये सोडलेली 'नुस्टार' दुर्बीणच अधिक कामाची.