टक्केवारी काढताना भागायचं कशाने? नकाशे आणि लसीकरण

लसीकरणाच्या नकाशांवर काम करायचं असेल, तर सॉफ्टवेअर शिकण्याआधी एक प्रश्न विचारा: टक्केवारी काढताना आपण कशाने भागतोय?

समजा, एका उपकेंद्राच्या यादीत १०० बालकं आहेत आणि ९५ जणांना गोवराची लस मिळाली. झालं ९५ टक्के! साथ रोखायला साधारण एवढंच प्रमाण लागतं. पण त्याच हद्दीतल्या वीटभट्टीवर यादीत नसलेली, लस न मिळालेली आणखी २० मुलं असतील तर? ९५ भागिले १२०, म्हणजे जेमतेम ७९ टक्के. गोवर शिरतो तो याच फटीतून. २०२२ च्या अखेरीस मालेगावात साथ आली होती, हे आठवत असेलच.

डिजिटल नकाशा इथे कामाला येतो. उत्तर नायजेरियात पोलिओ मोहिमेचं नियोजन हाताने काढलेल्या नकाशांवर चालायचं. २०१२ च्या सुमारास उपग्रहचित्रांवरून वस्त्या शोधल्या, तेव्हा कुठल्याच यादीत नसलेल्या वस्त्या सापडल्या.

नाशिकसाठी हे कसं कराल? क्यूजीआयएस मोफत आहे. त्यात तीन थर घ्या: उपग्रहचित्रांत दिसणारी घरं, आरोग्य विभागाच्या यादीतली गावं-पाडे आणि लसीकरण सत्रांच्या जागा. घरं आहेत पण यादीत नाव नाही, अशा जागा आधी तपासा. अंतर मोजताना सरळ रेघ ओढू नका. पेठ-सुरगाण्यात दोन किलोमीटरच्या मध्ये दरी किंवा पावसाळ्यात भरलेला ओढा असतो. चालायला किती वेळ लागतो ते मोजा.

आता खरी मेख. उपग्रहाला घर दिसतं, घरात कोण आहे ते दिसत नाही. द्राक्षहंगामात पेठ-सुरगाण्यातली कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर जातात. तेव्हा पाड्यावरच्या घरांना कुलूप असतं आणि मुलं बागेतल्या तात्पुरत्या खोपटात. मूळ गावच्या यादीत ती 'गैरहजर', नव्या गावच्या यादीत नाहीतच. त्यामुळे नकाशा एक नाही, हंगामानुसार निदान दोन हवेत. आणि दुसऱ्याची माहिती उपग्रह देणार नाही. ती आशाताई, मुकादम आणि बागायतदार यांच्याकडेच मिळेल.

तेव्हा संशोधन आराखड्यात पद्धती लिहिताना क्षेत्रभेटींचे महिने आधी ठरवा. मे महिन्यात भरलेली माहिती फेब्रुवारीच्या मोहिमेला चालत नाही.