हिमावरील मोटार आणि तिचीं मागचीं चाकें

३ ऑक्टोबर २०२० रोजीं रोहतांग खिंडीखालून जाणाऱ्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचें उद्घाटन झालें आणि हिवाळ्यांत जगापासून तुटून पडणारें लाहौलचें खोरें मनालीहून मोटारीनें गांठतां येऊं लागलें. तेव्हांपासून ऐन डिसेंबर-जानेवारींत हिम पाहावयास जाणाऱ्यांत मुंबई-पुण्याचीं कुटुंबेंही असतात. सह्याद्रीचे घाट बिनधास्त उतरणारा चालक तेथें एका सर्वस्वी नव्या रस्त्यावर येतो. त्यांतून त्याची गाडी मागच्या चाकांनीं चालणारी असेल, आणि बोलेरो, स्कॉर्पिओ यांच्या जातीच्या पुष्कळ गाड्या तशा असतात, तर संकट त्याच्या पाठीमागून येतें.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर केलेला बरा. मराठींत आकाशांतून भुरभुरतो तोही बर्फ आणि सरबतांत घालतात तोही बर्फच. चालकाला इतकी मोघम भाषा परवडत नाहीं. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत थराला येथें हिम म्हटलें आहे, व गोठून कांचेसारख्या झालेल्या पाण्याला बर्फ. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरच्या घर्षणाचा गुणांक सुमारें ०.७ असतो, दबून घट्ट झालेल्या हिमावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि बर्फावर ०.१ पर्यंत उतरतो. या आंकड्यांचा व्यवहारांतील अर्थ असा कीं, ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी जी मोटार कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारें ९ मीटरांत थांबते, तीच हिमावर ३० मीटर व बर्फावर ६० मीटरांहून अधिक घसरत जाते. पहाडी रस्त्यावर वळणाच्या अलीकडे तेवढी सरळ वाट क्वचितच लाभते.

बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर असतो, ही कल्पना मायकेल फॅरडे यानें १८५० सालीं मांडली होती. हा थर शून्य अंशाच्या जवळपास अधिक जाड असतो. त्यामुळें कडाक्याच्या थंडींतील बर्फापेक्षां वितळूं पाहणारा बर्फ अधिक निसरडा. दुपारच्या उन्हानें पाझरलेलें पाणी सायंकाळीं रस्त्यावर गोठतें, ती वेळ म्हणूनच विशेष घातकी होय. असा पारदर्शक बर्फ डांबरावर दिसतच नाहीं. रस्ता नुसता ओला आहे असें वाटतें. डोंगराच्या सावलींतील वळणें आणि वरून-खालून वारा लागणारे पूल हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें.

टायरची पकड ही गृहिणीजवळच्या महिन्याच्या शिलकेसारखी आहे. गाडी पुढें नेणें, थांबविणें आणि वळविणें हे तिन्ही खर्च त्याच एका शिलकेंतून भागवावयाचे असतात. हिमावर शिल्लक मुळांतच तुटपुंजी. वळत असतांना ब्रेक दाबला कीं ती संपते. मागच्या चाकांच्या गाडींत तर वांटणीही विषम असते. इंजिन पुढें असल्यामुळें पुढचीं चाकें भारानें रस्त्याला दाबून राहतात आणि गाडी ढकलण्याचें सारें काम ज्यांच्याकडे, तीं मागचीं चाकें हलकीं राहतात. मोटार रिकामी असेल तर हें अधिकच जाणवतें. ॲक्सिलरेटर किंचित् अधिक दाबला कीं मागचीं चाकें जागच्या जागीं गरगरतात. गरगरणाऱ्या चाकाला बाजूचा आधार उरत नाहीं, आणि गाडीचें बूड एकाएकीं दरीकडे वा डोंगराकडे सरकूं लागतें.

एवढ्यावरून अशी गाडी हिमप्रदेशांत निरुपयोगीच असें मात्र समजूं नये. स्वीडनसारख्या देशांत व्होल्व्होची २४० ही मागच्या चाकांची मोटार १९७४ पासून १९९३ पर्यंत तयार होत होती आणि तेथील कुटुंबें तींतून हिवाळे काढीत होतीं. परंतु तेथें चाकांवर हिवाळी टायर चढवितात. आपल्याकडील साध्या टायरचें रबर थंडीनें कडक होतें. हिवाळी टायरचें रबर नरम राहतें व त्याच्या खांचा हिमाला धरून ठेवतात. ते चारही चाकांना हवेत. केवळ मागें घातले तर गाडी चालते खरी, पण वळत नाहीं आणि थांबतही नाहीं.

प्रवाशाजवळ असे टायर नसतात. त्याला सांखळ्यांचा आधार. या गाडींत त्या मागच्या चाकांना बांधावयाच्या, आणि बांधण्याची रीत घरीं कोरड्या अंगणांत शिकून घ्यावयाची, कारण उणे पांच अंशांत बोटें वळत नाहींत. मागें रेतीच्या दोन पिशव्या ठेवल्यास चाकांवर भार येतो. मात्र त्या चाकांच्या अगदीं वर येतील अशा घट्ट बांधाव्या. पार टोकाला ठेवल्यास घसरतांना तेंच वजन लंबकासारखें गाडीला फिरवितें. चाक रुतल्यास हीच रेती त्याच्यापुढें टाकतां येते.

निघतांना दुसरा गिअर घालून क्लच सावकाश सोडावा, म्हणजे चाकांवर जोर बेताचा पडतो. उतारावरची गोष्ट अधिक नाजूक आहे. घाटांत खालचा गिअर घालून इंजिनाला गाडी रोखूं द्यावी, हें आपल्याकडे शिकविलेलें शहाणपण खरें. पण मागच्या चाकांच्या गाडींत इंजिनाचा तो रोध फक्त मागच्याच चाकांवर पडतो. गिअर धाडकन् खालीं आणला कीं तीं चाकें अडून सरकतात आणि बूड पुढें येऊं पाहतें. यास्तव गिअर उतार लागण्यापूर्वींच निवडावा, वळणांत बदलूं नये.

बूड सरकलेंच, तर पाय ॲक्सिलरेटरवरून हळू उचलावा, क्लच दाबावा, ब्रेकला स्पर्श करूं नये. बूड उजवीकडे गेलें असेल तर स्टिअरिंगही उजवीकडेच वळवावें, आणि नजर दरीकडे न ठेवतां जावयाच्या वाटेवर ठेवावी; हात नजरेमागून जातात. गाडी सरळ होऊं लागतांच स्टिअरिंगही सरळ करावें. तेवढा विलंब झाला तर बूड दुप्पट जोरानें दुसऱ्या बाजूला फेकलें जातें, आणि पुष्कळदां घात त्या दुसऱ्या घसरणींतच होतो. नव्या गाड्यांतील स्थैर्य राखणारी विद्युत्-यंत्रणा येथें पुष्कळ साह्य करते, परंतु रस्त्यांत नसलेली पकड ती निर्माण करूं शकत नाहीं. चारही चाकांना शक्ति असणाऱ्या गाडीचीही तीच गत: ती निघते झटकन्, थांबते मात्र इतरांइतकीच उशिरां.

गाडी हिमांत अडकून पडली तर धोका संपला असें नव्हे. जानेवारी २०२२ मध्यें पाकिस्तानांतील मरी या थंड हवेच्या ठिकाणीं हिमवादळांत अडकलेल्या मोटारींत वीसाहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. अशा वेळीं उबेसाठीं इंजिन चालूं ठेवलें आणि धूर बाहेर टाकणारी नळी हिमानें बुजली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु आंत शिरतो. त्याला वास नाहीं, रंगही नाहीं, आणि मुलें झोपलीं आहेत असेंच वाटत राहतें. इंजिन सुरू करण्यापूर्वीं दर वेळीं खालीं उतरून नळीभोंवतालचें हिम दूर करावें, इंजिन घटकाभरच चालवून बंद करावें, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची कांच दोन बोटें उघडी ठेवावी.