टूल बदललं, धडा पुन्हा

शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं न्हावरे हे घोडगंगा सहकारी साखर कारखान्याचं गाव. या पट्ट्यात वजनकाट्याचं गणित कुणाला शिकवावं लागत नाही. उसाने भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते आणि दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. एका ट्रॉलीचं रिकामं वजन दुसरीला लावलं तर शेतकरी काट्यावरून हलणार नाही. किराणा दुकानदारही तेल मोजण्याआधी रिकाम्या डब्याचा धडा करतो. डबा बदलला की धडा पुन्हा.

टेबलावर मावणाऱ्या छोट्या सीएनसी मशीनवर काम करणाऱ्याने हीच गोष्ट मनात पक्की धरायला हवी. कॉम्प्युटरच्या आज्ञेवर चालणाऱ्या या मशीनला फक्त स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारा दांडा, किती वरखाली झाला ते कळतं. स्पिंडलमध्ये अडकवलेल्या बिटचं, म्हणजे कापणाऱ्या टूलचं, टोक नेमकं कुठे आहे, ते त्याला आपण सांगायचं असतं. बिट बदलला की टोकाची उंची बदलते आणि आधी सांगितलेलं सगळं खोटं ठरतं. नव्या बिटची लांबी मोजून मशीनला सांगण्याच्या या कामाला वर्कशॉपमध्ये ‘ऑफसेट घेणं’ म्हणतात. मी त्याला धडाच म्हणतो.

हे काम शिकायला आपल्या तालुक्याबाहेर जायची गरज नाही. शिरूर तालुक्यातल्याच पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ मध्ये या दुष्काळी गावात तो उभा केला. हाताने काम करता करता विज्ञान शिकायचं, हा त्यांचा आग्रह. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती हेच तिथले वर्ग. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांची छोटी कार्यशाळा, सुरू झाली. एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. आकड्यांच्या आज्ञेवर चालणारं मिलिंग मशीन याच एमआयटीत १९५२ मध्ये लोकांसमोर चालवून दाखवलं गेलं होतं. विमानांचे भाग घडवण्यासाठी जन्मलेली ती विद्या बरोबर ५० वर्षांनी पाबळला पोचली. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, कलबाग गेले.

फॅब लॅबमधला एक नेहमीचा धडा म्हणजे सर्किट बोर्ड कोरणं. तांब्याचा पातळ थर असलेली पाटी बेडवर दुतोंडी टेपने चिकटवायची. आधी १/६४ इंची, म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर जाडीच्या बिटने तांब्यात चर काढायचे. मग तो उतरवून १/३२ इंची, म्हणजे ०.८ मिलिमीटरचा बिट लावायचा आणि बोर्ड कडेने कापून वेगळा करायचा. टूल बदलायचं ते एकदाच, पण सगळी परीक्षा तिथेच.

रोलँडच्या मोडेलासारख्या छोट्या मशीनवर यासाठी एक सोपी रीत आहे. स्पिंडल पाटीच्या अगदी जवळ आणायचं. एका हाताने बिट धरून दुसऱ्या हाताने बारीक स्क्रू सैल करायचा. मग बिट अलगद खाली सोडायचा. टोक तांब्याला टेकल्याचं बोटांना कळतं. तसाच हलका दाब ठेवून स्क्रू आवळायचा. इथे मोजमाप करावंच लागत नाही, कारण बिटच सरकून शून्यावर येऊन बसतो. घाईने वरून सोडला तर मात्र ०.४ मिलिमीटरचं ते टोक तिथेच तुटतं.

हौशी लोकांच्या टेबलावर जास्त दिसणारं ३०१८ मशीन वेगळं. त्याचा बेड साधारण ३०० बाय १८० मिलिमीटरचा. बिट ईआर ११ कोलेट नावाच्या पकडीत दोन पान्यांनी आवळतात. प्रत्येक वेळी तो कोलेटमध्ये थोडा कमीजास्त आत जातो. मोठ्या कारखान्यात प्रत्येक टूल आपल्या होल्डरमध्ये कायमचं बसवलेलं असतं, म्हणून त्याची लांबी एकदा मोजून कंट्रोलरच्या टेबलात लिहून ठेवता येते आणि जी ४३ ही आज्ञा ती उचलते. कोलेटमधून सुटा काढलेल्या बिटची कालची लांबी आज खरी नसते. हौशी मशीनवर दर वेळी धडा करावा लागतो, तो यामुळे.

सगळ्यात जुनी पद्धत कागदाची. साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड. तो बिटखाली सरकवत राहायचं, बिट दशांश मिलिमीटरच्या पावलांनी उतरवायचा आणि कागद अडखळला की थांबायचं. लाकूडकामाला एवढं पुरतं. पण पाटीवरचं तांबं साधारणपणे ३५ मायक्रॉन असतं, म्हणजे कागदाच्या जाडीच्या निम्मंसुद्धा नाही. तिथे विजेच्या स्पर्शाची पद्धत हवी. एक तार बिटला, दुसरी तांब्याला. जी ३८.२ ही आज्ञा दिली की बिट सावकाश उतरतो आणि सर्किट जुळताक्षणी थांबतो.

पहिला बिट लावताना हे छान जमतं. चूक होते ती दुसऱ्या बिटला, आणि ती मीही केली आहे. चर कोरून झाले होते, जाड बिट लावला आणि त्याच जागी पुन्हा तांब्याला टेकवायला गेलो. पण तिथलं तांबं आधीच्या बिटने खरवडून काढलं होतं. सर्किट जुळलंच नाही, बिट उतरत राहिला आणि पाटीत रुतला. ज्या पृष्ठभागावरून पहिलं माप घेतलं, तोच मी कामाच्या ओघात कापून टाकला होता.

याला उपाय म्हणजे कधीही न कापली जाणारी जागा. बेडच्या कोपऱ्यात पितळेचं एक बटण पक्कं बसवायचं. पहिला बिट तांब्यावर शून्य करायचा आणि लगेच या बटणाला टेकवायचा. समजा, तेव्हा मशीनचा आकडा उणे ४०.०० आला. टूल बदलल्यावर तांब्याकडे पाहायचंही नाही, नवा बिट थेट बटणाला टेकवायचा. आकडा उणे ३६.६० आला, तर नवा बिट ३.४० मिलिमीटर लांब आहे. तो लवकर टेकला, म्हणून आकडा कमी उतरला. शून्य तेवढंच वर सरकवायचं. काट्यावरची तीच वजाबाकी. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या, आर्डुइनोवर चालणाऱ्या जीआरबीएल या मोफत प्रणालीत हा फरक जी ४३.१ या आज्ञेने भरतात. मशीन रीसेट झालं की तो पुसला जातो, म्हणून आकडे वहीत लिहावेत.

आणखी काही पथ्यं आहेत. टूल बदलताना फक्त उंचीचं शून्य बदलतं. आडव्या दोन अक्षांना हात लावायचा नाही. कोलेट आवळताना पान्याचा जोर स्पिंडलवर येतो आणि मोटारी सैल असतील तर बेड किंचित सरकतो. जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये $1 या ओळीला २५५ हा आकडा दिला की मोटारी जागा धरून राहतात. कोलेट, बटण आणि बिटचं टोक ब्रशने झाडायचं, कारण ०.१ मिलिमीटरचा कीस म्हणजे ०.१ मिलिमीटरची चूक. टोकदार, ३० अंशांचा बिट एवढा जास्त खोल गेला तर चर ०.०५ मिलिमीटरने रुंद होतो आणि बारीक रेघा उडतात.

गावाकडे विजेचा भरवसा नसतो, हेही धरून चालावं. काम चालू असताना लाइट गेली की मशीन आपली जागाच विसरतं. कडेला लिमिट स्विच असतील तर ते स्वतः जाऊन आपलं मूळ शून्य शोधतं. नसतील तर सुरुवातीलाच टाकाऊ कोपऱ्यात एक बारीक भोक पाडून ठेवावं. लाइट आल्यावर बिट त्या भोकावर आणून आडवं शून्य पुन्हा धरता येतं.

पाबळच्या शिकवणीचं मोल मला इथे कळतं. हे वाचून समजायला दहा मिनिटं लागतात, पण बिट टेकल्याचं बोटांना कळायला एक-दोन पाट्या वाया जाव्या लागतात. कलबागांनी हातांना वर्गात जागा दिली ती यासाठीच. भांड्याच्या वजनालाही धडा म्हणायचं आणि शिकण्यालाही धडाच, हे आपल्या भाषेने केव्हाच जोडून ठेवलं आहे. दोन्ही एकदा करून संपत नाहीत. भांडं बदललं, हात बदलला, की पुन्हा पहिल्यापासून.